वंशावळ लिहिताना नावापुढे "हे कुठून कळलं" ते लिहिता का? (आणि "भि." म्हणजे काय असेल?)

ओवरी:

नमस्कार मंडळी,

आमचे थोरले काका सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या ट्रंकेत हिशेबाची एक लांबट वही निघाली. तिच्यात घराण्याच्या सात पिढ्या आहेत, एकूण ३१२ नावं. पंचवीस-तीस वर्षं ते हे करत होते. कुठल्याही लग्नाला गेले की मांडवात एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचे, खिशातलं पोस्टकार्ड काढून त्याच्यावर लिहून घ्यायचे आणि घरी आल्यावर वहीत उतरवायचे. पोस्टकार्डं राहिली नाहीत, वही राहिली.

वही माझ्याकडे आली तेव्हा वाटलं, आता फक्त संगणकावर चढवायचं. चौथ्या पिढीत अडकले. तिथे "विठोबा" आहे, त्याच्या दोन बायका आणि अकरा मुलं. गाव वाई तालुक्यातलं. गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर, तालुक्याला जाऊन पाहिलं. अकरांतलं पहिलं मूल १८९२ चं, शेवटचं १९३३ चं. एक्केचाळीस वर्षं! मग १९१८ च्या पानावर विठोबाचा मृत्यूच सापडला. म्हणजे विठोबा दोन होते. राणोजी आणि येसाजी हे सख्खे भाऊ, दोघांनीही आपल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं. आपल्याकडे हे घरोघर आहे, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

१९१८ नंतरची मुलं येसाजीच्या विठोबाची, हे उघड आहे. पण १९११ ते १९१८ मध्ये दोघांच्याही घरी पाळणे हलत होते आणि रजिस्टरमध्ये बऱ्याच ठिकाणी बापाचं नुसतं "विठोबा" आणि आडनाव आहे. काकांना कोणी काय सांगितलं ते कळलं असतं तर तासाभरात सुटलं असतं. मला दोन वर्षं झाली.

म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. एका माणसाला एक पान. नमुना देते:

क्र. २७. विठोबा बिन राणोजी.
मृत्यू: २३ ऑक्टोबर १९१८.
कागदातले शब्द: "विठोबा बिन राणोजी, वय ४७, ताप."
कागद: गाव नमुना १४, मृत्यू, सन १९१८. मूळ पान स्वतः पाहिलं, फोटो काढला.
माझा अंदाज: जन्म १८७१ च्या सुमारास. वय ५० किंवा ६० असं गोल लिहिलेलं नाही, म्हणजे सांगणारा घरातला असावा. ताप म्हणजे त्या वर्षीची इन्फ्लुएंझाची साथ असण्याची दाट शक्यता, पण कागदात तसं म्हटलेलं नाही.

कागदातले शब्द आणि माझा अंदाज या दोन ओळी मी कधीही एकत्र करत नाही. तुम्ही कसं लिहिता ते सांगा.

आणखी एक. काकांच्या वहीत १९ नावांपुढे पेन्सिलीने बारीक "भि." लिहिलंय. कुणाला काही सुचतंय का?

---

मोडीवेडा:

ओवरीताई, शब्द आणि अंदाज वेगळे ठेवता हे फार चांगलं करता. मोडी कागदांच्या बाबतीत मी त्याच्या आधी आणखी एक पायरी ठेवतो. पहिल्यांदा ओळीला ओळ, अक्षराला अक्षर देवनागरीत उतरवायचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात, अनुस्वार बरेचदा गळतो. ते तसंच ठेवायचं, सुधारायचं नाही. न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. त्याच्या खाली आजच्या मराठीत वाचन, आणि वाचलं कोणी, कधी, तेही.

एक अनुभव सांगतो. आमच्यात एक सुभानजी होऊन गेले हे मला ऐकून माहीत होतं. एका कागदावर मी सुभानजी वाचलं आणि आनंदाने वंशावळीत लिहिलं. चार वर्षांनी एका जाणत्या वाचकांना दाखवलं, ते म्हणाले संभाजी. पुन्हा पाहिलं तर खरंच संभाजी. मला जे हवं होतं तेच मी वाचलं होतं. कागदाचा फोटो आणि पहिलं उतरवलेलं वाचन शेजारी होतं म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते तरी सापडलं.

दुसरं कालगणनेचं. कागदात जो सन आहे तोच आधी लिहा, इसवी सन त्याच्यापुढे. पेशवाईतल्या कागदांवर "इहिदे सितैन मया व अलफ" असं असतं. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शकाचंही तसंच, वर्षाच्या पहिल्या भागात ७८, इंग्रजी वर्ष बदललं की ७९. ताळा करायला पानिपत घ्या. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, शुहूर ११६१. शकात ७८ मिळवले तर १७६० येईल आणि लढाई वर्षभर मागे सरकेल. ७९ मिळवले की १४ जानेवारी १७६१ बरोबर बसते. माझ्या पाहण्यात कितीतरी वंशावळी अशा एकेक वर्षाने सरकलेल्या आहेत, आणि मूळ शक न लिहिल्यामुळे आता त्या दुरुस्तही करता येत नाहीत.

"भि." म्हणजे "भिन्न शाखा" असेल का?

---

चावडी:

मी ३१ वर्षं तलाठी होतो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. हल्ली रोज कोणी ना कोणी जुन्या नोंदी शोधायला येतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून तर जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं बाहेर निघाली. लोक फोटो काढून नेतात, पण कशाचा फोटो ते लिहीत नाहीत. सहा महिन्यांनी तोच माणूस परत येतो.

फेरफार क्रमांक गावापुरता असतो. "फेरफार ४१२" एवढंच लिहून काही उपयोग नाही. गाव, तालुका, नोंदीची तारीख, नोंद मंजूर झाली की रद्द, हे सगळं हवं. गावाच्या नावापुढचं बुद्रुक की खुर्द हे तर विसरूच नका, त्या दोन शब्दांनी माणसं नदीच्या या काठावरून त्या काठावर जातात. आणि त्या वेळी गाव कुठल्या जिल्ह्यात होतं तेही लिहा. मालवण, कणकवली १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात. चंदगड १९५६ पर्यंत बेळगावात. ज्याने आजचाच जिल्हा लिहिला तो जुनं दप्तर चुकीच्या गावी शोधत बसतो.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असं धरू नका. जुन्या उताऱ्यावर नावापुढे "ए.कु.मॅ." दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकच नाव लागलेलं असतं, मागे चार भाऊ असू शकतात. "अ.पा.क." असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस त्या वेळी सज्ञान नव्हता. यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. हे शब्द उतरवून घेताना लोक गाळतात, आणि नात्याचा पुरावा नेमका त्याच शब्दात असतो.

ओवरीताई, १९११ ते १९१८ मधल्या मुलांसाठी दोन्ही विठोबांच्या वारस नोंदी काढा. बाप मेल्यावर मुलांची नावं तिथे एका ओळीत येतात.

---

शेवंती:

वारस नोंदीवरून आठवलं. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. मुलग्यांची नावं, शिक्षण, नोकरी, सगळं सविस्तर. मुलींच्या जागी "कन्या ३". माझी आजी त्या तिघींतली एक. तिचं नाव मला पुस्तकात सापडलं नाही, ते सापडलं १९६२ च्या वारस फेरफारात. वडिलांच्या मागे भावांबरोबर तिघी बहिणींची नावं लागली होती आणि पुढच्याच पानावर तिघींचं हक्कसोड पत्र. तिघींचे अंगठे. आजीचा अंगठा जरा तिरका उठलाय. त्या पानाचा फोटो मी कितीदा पाहिला असेल.

म्हणून माझं म्हणणं, नाव बदललं तरी क्रमांक बदलू नये. आजीचं जन्मनाव यमुना, लग्नात ठेवलेलं सरस्वती, सगळे हाक मारायचे बयो. रेशनकार्डावर आणखी चौथंच. मी चारही लिहिते, प्रत्येकापुढे ते कुठे आढळलं ते, आणि पान जन्मनावाने लावते. माहेरचं आडनाव आधी, सासरचं नंतर. घरातल्या सुनांनाही हाच नियम, नाहीतर सून म्हणजे आईबाप नसलेली कुणीतरी होऊन बसते.

---

बाभूळबन:

सगळ्यांचं पटतंय, पण एक भीती वाटते. काकांनी मांडवात बसून ३१२ नावं गोळा केली. त्यांच्या हातात आधीच असला तक्ता दिला असता तर त्यांनी तीस नावंही लिहिली नसती. माझे वडील ८६ वर्षांचे आहेत. मी वही-पेन घेऊन बसलो की ते गप्प होतात. चुलीपुढे नुसता बसलो की बोलत राहतात. हे कसं जमवायचं?

---

ओवरी:

बाभूळबन, तुमची भीती खरी आहे. त्यांच्यासमोर लिहू नका. पण त्याच रात्री, झोपायच्या आधी, तीन गोष्टी तेवढ्या लिहा: कोणी सांगितलं, कोणत्या दिवशी, आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं की दुसऱ्याकडून ऐकलेलं. बाकी सगळं वर्षाने लिहिलं तरी चालेल. या तीन गोष्टी मात्र आठवड्यात विसरतात आणि नंतर त्या कुठूनही मिळत नाहीत.

चावडीकाका, वारस नोंदींसाठी अर्ज केला आहे. मनापासून आभार.

---

मुठाकाठ:

सांगणाऱ्याला सन विचारू नये, हे मी आत्याकडून शिकले. "तुझा मधला मुलगा कोणत्या साली झाला" विचारलं तर आत्या म्हणाली, कोणाला माहीत. मग विचारलं, पानशेत फुटलं तेव्हा तू कुठे होतीस? "अगं, मी बाळंतीण नव्हते का! नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा दहावा दिवस होता माझा. दिराने पोराला टोपलीत घालून वर नेलं. बारसं राहिलंच ते, नंतर कधीतरी नुसतं कानात नाव सांगितलं."

पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. दहावा दिवस, म्हणजे मूल ३ जुलैचं. शाळेच्या दाखल्यावर आतेभावाची जन्मतारीख १ जून १९६१ आहे. त्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे बघा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली. मी दोन्ही तारखा लिहिल्या. दाखल्याची दाखल्याच्या नावाने, आत्याची आत्याच्या शब्दांत, टोपलीसकट. आणि खाली लिहिलं की मी ३ जुलै धरते आणि का धरते. आतेभाऊ म्हणाला, सरकारी तारखेला हात लावू नकोस. लावलाच नाही.

अशा खुणांची मी यादीच केली आहे: १९१८ ची साथ, गांधीवध, पानशेत, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. आमच्या लातूरच्या नातेवाइकांसाठी किल्लारी. फक्त "प्लेगच्या साली" म्हटलं तर जपून, पुण्यात १८९७ नंतरही प्लेग पुन्हापुन्हा येत राहिला.

---

कृष्णाकाठ:

आमच्या भागात, सांगली-कोल्हापूरकडे, हेळवी येतात. घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावी जातात. लहानपणी ऐकताना अंगावर काटा यायचा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यातही आमच्या पणजोबांची सही आहे. दोन्हीकडून मी लिहून घेतलं आहे, पण दोन्हींचं वजन वेगळं धरतो. चोपड्यात पणजोबांनी स्वतःचं, वडिलांचं, भावांचं जे लिहिलं ते त्यांना प्रत्यक्ष माहीत होतं. त्याच पानावर त्यांनी आपल्या खापरपणजोबांचं नाव लिहिलंय, ते मात्र त्यांनीही ऐकलेलंच. एकाच पानावर दोन दर्जांचा पुरावा! म्हणून आधार कागदाला एकदाच न जोडता प्रत्येक विधानाला जोडावा.

क्रमांकांबद्दल: मी पाश्चात्त्य पद्धत वापरून पाहिली. आपण १, वडील २, आई ३, कोणाच्याही वडिलांचा क्रमांक दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. दिसायला सुरेख आहे. पण आमच्यात मामाच्या मुलीशी लग्नं झालेली, त्यामुळे एकाच माणसाला दोन क्रमांक येऊ लागले. त्यात दोन दत्तक. जन्माचा बाप धरायचा की दत्तक बाप? शेवटी साधा चालू क्रमांक घेतला. जो आधी सापडला तो आधी. दत्तक असेल तर दोन्ही बाप, दत्तकपत्राच्या तारखेसह.

---

मोका_मॉरिशस:

नमस्कार. मी मॉरिशसची. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबईमार्गे उसाच्या मळ्यांवर आले. आमच्यासाठी सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे इमिग्रेशन क्रमांक. नाव कारकुनाने ऐकेल तसं लिहिलं, आणि पुढे पूर्वजाचं पहिलं नावच आमचं आडनाव झालं. क्रमांक मात्र जन्मभर बदलला नाही, लग्नाच्या आणि मृत्यूच्या कागदावरही तो सापडतो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती रजिस्टरं जपलेली आहेत. काहींचे फोटोसुद्धा आहेत.

माझी चूक सांगते. गावाचं नाव इंग्रजीत विचित्र लिहिलेलं होतं. मी ते ओळखीच्या एका गावाशी जुळवून तेच लिहून टाकलं. रत्नागिरीला जाऊन आले, त्या गावात आमचं कोणीच नाही. आता मूळ स्पेलिंग जसंच्या तसं ठेवलं आहे आणि खाली तीन शक्य गावं लिहिली आहेत. जे गाव शोधून झालं आणि काही मिळालं नाही, तेही तारखेसह लिहिते, नाहीतर माझी मुलगी पुन्हा तिथेच जाईल.

---

चावडी:

ताई, काही मिळालं नाही हेही लिहिता ही फार मोलाची गोष्ट. इथेही तेच करा मंडळी. "१९०५ ते १९१० ची पानं नाहीत, वाळवी" हीसुद्धा नोंदच आहे.

अजून एक कळकळीने सांगतो. जात पडताळणीसाठी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. त्यात अंदाज घालू नका. घरच्या वहीत अंदाजाला जागा आहे, शपथपत्रात कागदाने सिद्ध होतं तेवढंच.

---

शेवंती:

आणि हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. बँका ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात. मी दोन प्रती ठेवते, वाटायच्या प्रतीत हयात माणसांचं नुसतं नाव.

---

मोडीवेडा:

संगणकावर करणाऱ्यांनी वर्षातून एकदा गेडकॉम फाइल काढून ठेवावी. बहुतेक सगळ्या वंशावळीच्या प्रणाली ती वाचतात, ग्रँप्ससारखी फुकट मिळणारीही. आणि फोटोच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेलं नाव ठेवू नका. मी "सन, गाव, कागदाचा प्रकार, पान" याच क्रमाने नाव देतो. क्रम कुठलाही घ्या, पण एकदा ठरवला की मोडू नका.

---

ओवरी:

मंडळी, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हात थरथरतायत लिहिताना.

वारस नोंदी मिळाल्या. येसाजीच्या विठोबाच्या नोंदीत मुलांची पाच नावं आहेत.

आणि काल काकूंना भेटायला गेले होते. त्या ८२ वर्षांच्या आहेत, नजर अधू झाली आहे. वही घेऊनच गेले. "भि." वाचून दाखवलं, त्यांना काही कळेना. मग सहज म्हणून ती नावं एकामागून एक वाचत गेले. सहाव्या-सातव्या नावाला त्या म्हणाल्या, "ही सगळी भिकूआजीची माणसं. चुलत आजी यांची. गणपतीत आली होती ना आपल्याकडे, ते चार दिवस तिच्यापुढनं हलले नाहीत."

भि. म्हणजे भिकूआजी. येसाजीची मुलगी, म्हणजे धाकट्या विठोबाची सख्खी बहीण! जे नाव तिने सांगितलं त्याच्यापुढे काकांनी भि. लिहिलं होतं. आधार त्यांनी नोंदवला होता हो. भि. म्हणजे कोण, ते तेवढं कुठे लिहिलं नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात बोल लावत होते, त्याचं फार वाईट वाटतंय.

घरी येऊन अकरा मुलं पुन्हा पाहिली. सहांच्या पुढे भि. आहे, पाचांच्या पुढे नाही. सहांपैकी पाच जण वारस नोंदीतल्या पाच नावांशी तंतोतंत जुळतात. सहावी एक मुलगी आहे, काशी. ती वारस नोंदीत नाही, रजिस्टरमध्येही अजून सापडलेली नाही. वहीत नुसतं "काशी, भि."

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आज शाईने लिहिलं: भि. = भिकूआजी, येसाजीची मुलगी. काकांना सांगितलं गणपतीत, साल काकूंच्या आठवणीनुसार १९७४, तेव्हा वय अंदाजे ८०. मला काकूंनी सांगितलं, कालची तारीख.

काशीला क्र. ३१३ दिला आहे आणि तिचं पान उघडलं आहे. त्यावर सध्या एकच ओळ आहे, तिच्या आत्याने, म्हणजे भिकूआजीने, सांगितल्याची. १९११ ते १९१८ ची मृत्यूची पानं मी अजून पाहिलेली नाहीत. सोमवारी तालुक्याला जाते आहे.